हात पाहिल्याशिवाय टोपली नाही

शहनाज मॅडमनी पहिल्या दिवशी मला नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. संस्थेच्या दर्यापूरच्या शाळेतून मी अमरावतीच्या मुलींच्या शाळेत बदलून आलो होतो. स्टाफरूममध्ये कुठली खुर्ची कुणाची याचा अंदाज घेत उभा होतो, तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून हुकूम आला, "सर, हात ठेवा इथं." मी ठेवले. नव्या जागी पहिल्या दिवशी माणूस कुणाचंही ऐकतो. त्यांनी हाताला हात लावला नाही, पुरुषांच्या बाबतीत तो त्यांचा दंडकच होता. चष्मा कपाळावर चढवला, वाकून दोन्ही पंजे नीट पाहिले आणि म्हणाल्या, "खडूनं बोटाची सालटं निघून राहिली. घरी तेल-गिल लावता का नाही?"

मी भूमिती शिकवणारा माणूस. तेल दिवाळीच्या पहाटे लावायचं आणि तेही बायकोनं हातात वाटी दिली तर, एवढंच मला माहीत. तसं सांगितलं तर त्यांनी मान हलवली आणि पुढचा तास घ्यायला निघून गेल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक छोटी डबी होती. आत मेण आणि खोबरेल तेल वितळवून केलेलं मलम, आणि वर विज्ञानाच्या शिक्षिकेच्या अक्षरात चिठ्ठी : "झोपताना लावणे. लावल्यावर मोबाइल हातात घेऊ नये." घरी ती डबी पाहून बायकोनं भुवया वर केल्या. कोण या मॅडम, काय वय, कुठं राहतात, सगळं विचारून झालं. चार दिवसांनी डबी अर्धी झाली होती आणि माझी बोटं जशीच्या तशीच होती, तेव्हा मी बायकोच्या मऊ झालेल्या टाचा पाहिल्या आणि काय ते समजलो.

मॅडमची खरी ख्याती होती ती टोपल्यांची. आमच्या शाळेत कुणी निवृत्त झालं, जुन्या विद्यार्थिनीचं लग्न ठरलं, कुणी बाळंत झालं, कुणाच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, की मॅडमची टोपली ठरलेली. बुरडाकडून आणलेली बांबूची टोपली, तिच्यात आंघोळीचं आणि अंगाला लावायचं सगळं सामान, सगळं घरी केलेलं. मोर्शीला माझ्या साळ्याची संत्र्याची बाग आहे हे कळल्यावर त्यांनी मला सालींच्या कामाला जुंपलं. आंबिया बहराची संत्री उतरली की मी पोतंभर साली आणायच्या आणि त्यांनी गच्चीत पलंगाखाली सावलीला वाळवायच्या. आधीच उन्हात वाळवून आणलेली साल त्या ओळखायच्या आणि परत पाठवायच्या. त्याच गच्चीवर घोसाळ्याचे वेल होते. भाजीला एकही घोसाळं तोडायची परवानगी त्यांच्या मिस्टरांना नव्हती. वेलावरच वाळू द्यायचं, मग साल काढून, बिया झटकून आतली जाळी अंग घासायला. मिस्टर म्हणायचे की आमच्या घरी घोसाळ्याची भाजी शेवटची लग्नाच्या वर्षी झाली.

दोन टोपल्या कधीच सारख्या नसत. बाळंतिणीच्या टोपलीत वेखंड नि तिळाचं तेल, ड्रॉइंगच्या मॅडमना रंगानं फाटलेल्या नखांसाठी वेगळं मलम, नवरीला मसुराचं पीठ, संत्र्याची साल नि आंबेहळद. उन्हाळ्यात खसाची पुरचुंडी, हिवाळ्यात नाही. प्रत्येक टोपलीत चिठ्ठी, आणि चिठ्ठीत थोडा दम. एका नवरीला त्यांनी लिहिलं होतं की हे सासूला उसनं देऊ नये, सासूला हवं असेल तर तिला माझ्याकडे पाठवावं. नव्यानं लागलेल्या एका तरुण मॅडमनी एकदा सांगितलं की शहरात याला स्पा हॅम्पर म्हणतात, इन्स्टावर टाका, धडाधड ऑर्डरी येतील. मॅडमनी स्पा म्हणजे काय हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की तिथं पाय चोळणाऱ्या पोरीला आपलं नावसुद्धा माहीत नसतं, आणि मला इथं प्रत्येकीच्या सासूचं नाव माहीत आहे.

त्यांचा नियम एकच आणि तो कुणासाठी वाकत नसे : हात पाहिल्याशिवाय टोपली नाही. संस्थेच्या सचिवांनी एकदा स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांसाठी पंचवीस टोपल्या सांगितल्या, सगळ्या एकसारख्या, वर संस्थेचं नाव. मॅडम म्हणाल्या की पाहुण्यांचे हात पाठवा. सचिव मोठ्यानं हसले. मॅडम हसल्या नाहीत. दोन-तीनदा निरोप गेले-आले आणि शेवटी पाहुण्यांना शालीच द्याव्या लागल्या. सचिवांच्या समोर असं बोलायची आमच्यापैकी एकाचीही टाप नव्हती, हे इथं कबूल करून टाकतो.

शोभाबाई म्हणजे आमच्या शाळेच्या शिपाई. नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी व्हरांडे झाडले, घंटा दिली आणि तासन् तास दाराशी उभ्या राहिल्या. त्या निवृत्त झाल्या तेव्हा मॅडमनी त्यांच्यासाठी फक्त पायांची टोपली केली. जाडं मीठ, गवती चहा, टाच घासायची वजरी, भेगांचं मलम आणि दोन सुती मोजे. पेन्शनच्या कागदासाठी शोभाबाई दोन महिन्यांनी शाळेत आल्या तेव्हा तशाच टाच उचलून चालत होत्या. मॅडमनी त्यांचे पाय पाहिले आणि टोपली कुठं आहे म्हणून विचारलं. शोभाबाई अभिमानानं म्हणाल्या की शोकेसात ठेवली. आपल्याकडे चांगली वस्तू वापरायची नसते, ती दाखवायला ठेवायची असते, आणि फारच चांगली असली तर कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून पुढं सरकवायची असते. माझ्या घरी आजही न उघडलेले तीन डिनर सेट आहेत.

त्याच संध्याकाळी मॅडमनी स्कूटी काढली आणि घर मला माहीत होतं म्हणून मला पुढं घातलं. शोकेसात प्लॅस्टिकच्या हंसाशेजारी टोपली चकचकीत कागदात जशीच्या तशी होती. मॅडमनी पर्समधून कात्री काढून कागद कापला, सुनेकडून कोमट पाणी मागितलं, आणि सरळ फरशीवर बसून शोभाबाईंचे पाय घमेल्यात घेतले. शोभाबाई रडायच्याच बाकी होत्या. पाय ओढत म्हणाल्या, "मॅडम, तुमी माये पाय धुता?"

"मंग कोन धुईन," मॅडम म्हणाल्या, "शोकेस?"

पुढच्या वेळी शोभाबाई आल्या त्या दोन्ही टाचा टेकवून, आणि सोबत जवसाची चटणी घेऊन.

एवढं सगळं शिकल्या कुठं, हे मी त्यांना एकदा सहामाहीचे पेपर तपासताना सहज विचारलं. आणि घरच्या माणसांना टोपली देता की नाही, असंही चिडवलं. त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "जिनं शिकवलं तिलेच दिली नाही, सर."

मग जे सांगितलं ते थोडक्यात असं. त्यांच्या वडिलांचं अकोल्यात अत्तर-साबणाचं लहानसं दुकान होतं. आई लवकर गेली. मोठी बहीण जुबेदा, म्हणजे आपा, बारा वर्षांनी मोठी. तिनं या धाकटीला वाढवलं, दुकानाच्या मागच्या खोलीत तेलं उकळायला शिकवलं, आणि पुढं हट्टानं अमरावतीला शिकायला पाठवलं. स्वतः लग्न न करता वडिलांपाशी राहिली, रजया शिवून घर चालवलं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ऐन बोर्डाच्या परीक्षा होत्या आणि शहनाज मॅडम केंद्र संचालक होत्या. आपाचा फोन यायचा, रजा टाकून ये. या म्हणायच्या, एवढे पेपर होऊ दे. एका सकाळी वडील गेले. मॅडमचा फोन नियमाप्रमाणे कपाटात बंद. पेपर संपल्यावर निरोप कळला आणि मिळेल त्या गाडीनं अकोल्याला पोचेपर्यंत माती झाली होती. बापाचा चेहरा पाहायला मिळाला नाही. दारात आपा उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "हो गया पेपर?"

मॅडम उंबऱ्यावरूनच माघारी फिरल्या. त्याला अकरा वर्षं झाली होती. "तिनं दुखानं म्हटलं, मी रागानं ऐकलं," त्या म्हणाल्या. "तवाच आत जाऊन बसली असती तं दोन दिवसांत मिटलं असतं."

मला त्या दिवशी एक गोष्ट उलगडली. मॅडमनी मी पाहिलेल्या सगळ्या वर्षांत एकही रजा घेतली नव्हती. तापात यायच्या, लग्नसराईत यायच्या, ईदच्या दुसऱ्या दिवशी शीरखुर्म्याचा डबा घेऊन हजर असायच्या. मुख्याध्यापिका मुलींसमोर त्यांचं उदाहरण देत. मी मात्र त्यानंतर ते उदाहरण ऐकलं की खाली पाहायचो. एकदा साध्या कामासाठी रजा टाकली असती, तर बापासाठी का टाकली नाही हा प्रश्न त्यांच्या समोर उभा राहिला असता. तो प्रश्न टाळण्यासाठी ही बाई रोज साडेदहाला शाळेत येत होती. मला फार वाईट वाटलं, आणि ते त्यांना सांगण्याइतकी अक्कल माझ्यात नव्हती.

त्या हिवाळ्यात कुणा नातेवाइकाकडून कळलं की आपा आता थकली आहे, सत्तरीला आली आहे. माझी मुलगी अकोल्याला शिकत होती आणि मी महिन्यातून दोन रविवार तिकडं जायचो. एका शनिवारी मॅडमनी माझ्या हातात टोपली दिली. इतकी देखणी टोपली त्यांनी कुणासाठीच केली नव्हती. लांब केसांसाठी जास्वंदीचं तेल, कुटलेली शिकेकाई, गुलाबाच्या पाकळ्या, आणि मधोमध मोगऱ्याच्या अत्तराची कुपी. आपाला मोगरा जीव की प्राण. मला राहवलं नाही, मी म्हटलं की मॅडम, हात पाहिल्याशिवाय टोपली?

"तिचे हात मले पाठ हायेत," त्या म्हणाल्या.

आपाचं घर म्हणजे एक खोली, मागं छोटं अंगण. खोलीभर पिंजलेला कापूस आणि अर्धवट टाचलेल्या रजया. नाकावर ओढणी घेतलेली, वाळलेली, ताठ बसणारी बाई. मी शाळेचं नाव सांगितलं, तेव्हा त्यांचे डोळे हलले, चेहरा नाही. त्यांनी टोपलीची गाठ सोडली. कुपीचं बूच उघडलं आणि खोकला सुरू झाला. असा खोकला की मी उठून पाणी शोधायला लागलो. आयुष्यभर कापसाच्या धुरळ्यात काढलेली छाती ती, उग्र वास तिला सोसतच नव्हता. उबळ थांबल्यावर आपांनी बूच लावलं, सगळं होतं तिथं परत ठेवलं, गाठ मारली आणि टोपली माझ्याकडे सरकवली.

"हे वापस घेऊन जा, सर. ज्या बाईसाठी तिनं हे केलं, थे बाई आता इथं राहत नाही."

मी पायांत चपला सरकवत होतो तेव्हा आपांनी मागून हळूच विचारलं, "शहनाज बरी हाय ना?"

बरी आहे, मी म्हटलं. परतीच्या गाडीत टोपली मांडीवर होती आणि मूर्तिजापूरपर्यंत मला तिच्यातला मोगरा येत राहिला. सोमवारी मॅडमना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, की आपाचे हात कसे होते. गाठ सोडताना ते माझ्या समोरच होते, पण मी पाहिलेच नव्हते. त्या माझ्यावर फार चिडल्या. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून मी काहीच शिकलो नाही, असं त्यांनी चहाच्या वेळी सगळ्यांदेखत सुनावलं, आणि मग दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या की चूक माझी आहे, मी तीस वर्षांच्या आपाची टोपली केली.

पुढच्या फेरीच्या रविवारी त्या स्टँडवर उभ्या दिसल्या. एका हातात रिकामी टोपली, दुसऱ्या खांद्यावर कच्च्या सामानानं भरलेली पिशवी. दारापर्यंत सोबत चला, एवढंच म्हणाल्या. गाडीत बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. वर्गात चाळीस पोरींना नुसत्या नजरेनं गप्प करणारी बाई, आणि पिशवीचा बंद बोटांना गुंडाळत होती, सोडत होती. अकोला जवळ आल्यावर म्हणाल्या, "तिनं दार लावून घेतलं तं?"

"मग दोघं मिळून स्टँडवर चहा घेऊ आणि परत येऊ," मी म्हटलं. धीर द्यायला मला तेवढंच सुचलं.

आपांनी दार उघडलं. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. आपांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांचं एकदा टोपलीकडे लक्ष गेलं, एकदा माझ्याकडे. मॅडमचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला.

"आपा, हात दिखाव."

आपांनी हात आणखी ओढणीत घेतले. गल्लीत एक सायकलवाला आमच्या मधून वाट काढत गेला. मग आपा दारातून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "पहले अंदर तो आ."

माझं तिथं काही काम उरलं नव्हतं. मी मुलीकडे गेलो. जेवलो, तिची वह्या-पुस्तकं आणि तक्रारी पाहिल्या, पण लक्ष सगळं त्या खोलीत होतं. ठरल्याप्रमाणे चार वाजता मॅडमना घ्यायला परत आलो तर त्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून दारात आल्या. डोळे सुजलेले होते. रडणं होऊन गेलं होतं आणि आता त्यांना कामाची घाई होती.

"सर, तिचे हात कानाच्या वर जात नाहीत," त्या म्हणाल्या. "रजया टाचून टाचून दोन्ही खांदे धरले. किती दिवस झाले, डोकं वाकवून नुसतं पानी घेते. मागं केसांच्या जटा झाल्या. कापून टाकतो म्हने. आता तुमीच सांगा, टोपलीत काय ठेवू? तेल ठेवू? लावीन कोन?"

त्यांनी माझ्याकडे कोरा कागद मागितला, मी पिशवीतल्या मुलीच्या जुन्या वहीचं पान काढून दिलं. दाराच्या फळीवर कागद टेकवून त्यांनी अर्ज लिहिला आणि उद्या मुख्याध्यापिकांना द्या म्हणून माझ्या हातात ठेवला. तीन दिवसांची किरकोळ रजा मिळावी. कारण : मोठ्या बहिणीचे केस धुवायचे आहेत.

मी सरकारी-निमसरकारी अर्ज लिहिण्यात केस पांढरे केलेला माणूस. सवयीनं म्हटलं की मॅडम, घरगुती काम एवढंच लिहा, उगाच चर्चा होईल.

"हेच कारन हाय, सर. हेच राहू द्या."

मुख्याध्यापिकांनी दुसऱ्या दिवशी तो कागद दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि सही केली. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी मॅडमची एक रजा पडू लागली आणि शाळेत तीच मोठी बातमी झाली. दीड वर्षानं त्या निवृत्त झाल्या, मिस्टरांना आणि घोसाळ्याच्या बियांना घेऊन अकोल्यालाच राहायला गेल्या. आता त्या गल्लीतल्या बायका त्यांच्यासमोर हात ठेवतात, असं माझी मुलगी सांगते. माझी बदली पुन्हा झाली, भेटायचं राहून जातं. फोनवर त्या अजून विचारतात, सर, तेल लावता का. मी लावतो म्हणतो आणि त्या विश्वास ठेवत नाहीत.

त्यांची आठवण आली की मला त्या रविवारी आपांच्या दारातून निघताना वळून पाहिलं तेवढंच दिसतं. दार अर्धं उघडं होतं आणि पलीकडे अंगण. आपा पाटावर पाठमोऱ्या बसलेल्या, पांढरे केस मोकळे सोडलेले. मॅडम मागं उकिडव्या बसून कोमट तेलानं शेवटची जट बोटांनी सोडवत होत्या. शेजारी उकळून गाळलेल्या शिकेकाईचं पातेलं, पण अत्तर कुठंच नव्हतं. मग त्यांनी बादलीतलं पाणी कोपरानं तपासलं आणि पहिला लोटा ओतला. आपा कुरकुरल्या की कानात पाणी जातंय. मॅडमनी डावा तळहात त्यांच्या कानावर धरला आणि उजव्या हातानं दुसरा लोटा हळूहळू ओतायला लागल्या.